बॉबिनची चावी

बायडाबाईचं हसू त्या दिवशी उशिरा आलं. फार नाही, एखादी उचकी येऊन जाते तेवढंच. पण उशिरा आलं. धाग्याच्या कारखान्यातल्या पॅकिंग हॉलमध्ये निळ्या दिव्याखाली ती बॉबिन फिरवून बघत होती. बाजूला प्रमोदसाहेब, मुंबईचे दोन पाहुणे आणि नवा क्वालिटी इंजिनीअर चेतन असे उभे होते, आणि चेतन इंग्रजीत काहीतरी पुटपुटला. साहेब हसले, पाहुणे हसले. ते हसले म्हणून बायडाबाईपण हसली, डोक्यावरची टोपी सरकेल इतकी खळखळून, कारण हसायच्या कामात तिने जन्मात कधी हात आखडता घेतला नव्हता. पण तोवर बाकीच्यांचं हसून झालं होतं. सगळ्या हॉलमध्ये तिचं एकटीचं हसू उरलं, पंगत उठल्यावर पाटावर येऊन बसलेल्या पाहुण्यासारखं. चेतनने तिच्याकडे बघितलं. वाईट नजरेनं नाही, चिडवायलाही नाही. नुसतं बघितलं, ओठ जरासे हलले, आणि तिला कळलं की त्याला कळलं.

निळ्या दिव्याचं असं असतं, की साध्या उजेडात सगळ्या बॉबिन सारख्याच दिसतात, दुधासारख्या पांढऱ्या. पण दिव्याखाली धरली की दुसऱ्या लॉटची चुकून मिसळलेली बॉबिन वेगळी चमकते आणि ती बाजूला काढावी लागते. आज दिव्याखाली आपलं हसू सापडलं, तिला वाटलं. दिवसभर हात चालू होते, फिरव, बघ, पिशवी चढव, खोक्यात बसव, आणि आत ते हसू घशात धाग्याच्या तुसासारखं अडकून बसलं होतं. कशावर हसले असतील? आपल्यावर? आपल्यावर असतं तर चाललं असतं. आपल्यावर हसायची मोकळीक तिने स्वतःच गावभर वाटलेली होती. कॅन्टीनच्या डाळीवर? डाळीवर असेल तर याहून झकास काहीतरी तिच्याकडे तयार होतं, आणि ते सांगता आलं नाही. हेच जास्त लागलं. सिल्वासात येऊन वीसेक वर्षं झाली, या कारखान्यात कोण कधी कशावर हसणार हे आजवर ती ठरवत आली होती. आणि आज तिला दुसऱ्याच्या मागून हसावं लागलं.

ती साक्रीकडची. नवऱ्यामागे, झुंबरमागे, या गावात आली तेव्हा अंगावर एक नववारी आणि तोंडात एकच भाषा, तीही गावाकडची. पहिल्याच दिवशी पॅकिंगच्या मुकादमीणबाईने तिला जवळ बोलावलं, गुजरातीत काहीतरी गंभीरपणे सांगितलं आणि स्टोअरकडे बोट दाखवलं. कळले दोनच शब्द, बॉबिन आणि चावी. ती पळत गेली. स्टोअरवाल्याने कपाळाला आठ्या घातल्या, कपाट उघडलं, बंद केलं, आणि बॉयलरकडे पाठवलं. बॉयलरवाल्याने डिस्पॅचला पाठवलं. डिस्पॅचवाल्याने तिच्याकडे बघून चुकचुक केलं आणि पुन्हा पॅकिंगला पाठवलं. भर उन्हात पटांगण ओलांडताना तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. पहिल्याच दिवशी आपल्याकडून काहीतरी हरवलं, आता गावाला परत जायचं, झुंबरला काय सांगायचं. हॉलच्या दारात येते तर सगळ्या पाळीची माणसं गोळा होऊन टाळ्या वाजवतायत, आणि मुकादमीणबाई चहाचा कप घेऊन उभी. मग तिला बॉबिन हातात दिली. फिरवून बघितली तेव्हा कळलं: अगं, याला कुलूपच नाही! धागा गुंडाळायचं पोकळ नळकांडं ते, त्याला चावी कुठून असणार? आणि ती हसली. डोळ्यांतलं पाणी सुकायच्या आत हसली, अगदी वेळेवर. त्या दिवसापासून ती या गावची झाली. रेशनकार्ड नंतर आलं.

या कारखान्यात नव्या माणसाला चावी आणायला पाठवायची रीत होती, आणि मुकादमीणबाई गेल्यावर ती रीत आपोआप बायडाबाईकडे आली. पाठवायचं तर माणसाच्या भाषेत पाठवावं लागतं, नाहीतर संशय येतो. म्हणून ती भाषा शिकत गेली. वापीकडचा पोरगा आला, गुजराती आली. पाटण्याकडची टोळी आली, त्यांची हिंदी आली. खानवेलहून बसने येणाऱ्या बायांसाठी वारली शिकली. ओडियातली तिला अजून दोन-तीनच वाक्यं येत होती, पण त्यातलं पहिलं तेच होतं: जा, बॉबिनची चावी घेऊन ये. पोटासाठी भाषा शिकणारे तिने पुष्कळ बघितले. ते ‘पाणी कुठंय, साहेब कुठंय’ इथवर येऊन थांबतात. दुसऱ्याला गंडवायचं तर फार पुढं जावं लागतं. त्याच्या भाषेत खोटं बोलताना चेहरा सरळ राहिला पाहिजे, आणि भाषा अंगात मुरल्याशिवाय तो राहत नाही.

इंग्रजी राहिली होती. कारण इंग्रजी बोलणारे सगळे साहेब, आणि साहेबाला कोण पाठवतं? पण हा चेतन धड साहेबही नव्हता. बंगळुरूचा पोरगा, दाढी अजून नीट आलेली नाही. हिंदी मोजून चार शब्दांची, गुजराती-मराठीच्या नावाने शंख. साहेबांच्या टेबलावर त्याला बसवत होते, पण जेवताना तो भिंतीकडे बघत डब्यातला दहीभात कालवत बसायचा. एकदा स्टोअरच्या मागे फोनवर आपल्या भाषेत कुणाशी तरी बोलताना तिने त्याला बघितलं होतं. काय हसत होता! भिंतीवर हात आपटून, गुडघ्यात वाकून. तिला तेव्हाच खटकलं होतं. हा हसरा माणूस आहे, आणि आपल्या कारखान्यात येऊन काही महिने झाले तरी याला कुणी चावी आणायला पाठवलेलं नाही. पाव्हणा येऊन दारात उभा, आणि घरात कुणाला ‘या, बसा’ म्हणता येईना, अशातली गत.

संध्याकाळी पोळ्या लाटताना ती सोनीला म्हणाली, “मले इंग्रजी शिकव वं.” सोनी तिची लेक, इथंच वाढलेली, कॉलेजात जाणारी, बोलता बोलता तीन भाषा फिरवणारी.

“मम्मी, तू रहने दे ने. तुला कशाला पाहिजे?”

“एका माणसाले कुठंतरी पाठवाचंय.”

सोनीने मोबाईलमधून मान वर केली. “ए मम्मी! साहेब लोकांबरोबर नको हां. नोकरी जाईल.”

झुंबर कोपऱ्यात बसून ऐकत होता. तो म्हणाला, “जाऊ दे तिले,” आणि पुन्हा गप्प झाला. त्याचं वर्षभराचं बोलणं एवढंच असतं, पण असतं कामाचं.

सिल्वासातल्याच टोकरखाड्यात सोसायटीच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी सुजाता मॅडमचा इंग्रजीचा वर्ग भरायचा. सुजाता मॅडम म्हणजे प्रमोदसाहेबांची बायको, नाशिकची. शिकवायच्या पद्धतीचा काहीतरी कोर्स केलेली, आणि मनाने साफ. पहिल्याच दिवशी तिने प्रश्न विचारून सगळ्यांची वाटणी केली. कुणी बघून शिकतं, कुणी ऐकून, कुणी हाताने करून. तशा तीन रांगा. डोळेवाले, कानवाले, हातवाले. बायडाबाईने आधी वर बघितलं, पंखा कुठल्या रांगेवर आहे ते हेरलं आणि कानवाली झाली. पुढच्या रविवारी पंखा बिघडला, तेव्हा ती खिडकीजवळच्या डोळेवाल्यांत जाऊन बसली. “अहो, तुम्ही कानवाल्या ना?” मॅडम म्हणाली. “व्हते मॅडम. पण आठवडाभर मशीनचा आवाज. कान बसले.” मॅडमने तेही खरं मानून लिहून घेतलं. तिची थट्टा करताना बायडाबाईला कधी कधी बरंच वाटायचं नाही, इतकी ती सरळ होती.

मग मॅडमने विचारलं, इंग्रजी कशासाठी शिकायचीय? डिस्पॅचचा वाल्मिक म्हणाला, पोराच्या शाळेत पालकांची मीटिंग असते, तिथं मुंडी हलवून हलवून मान दुखते. दुधनीचा एक जण म्हणाला, तिथल्या तलावात बोटीवर टुरिस्ट येतात. कुणी बढती म्हणालं, कुणी इज्जत. बायडाबाईची पाळी आली. नोकरी? नाही. मुलांसाठी? सोनीच तिला शिकवेल. मग? खरं सांगायचं तर एका पोराला खोटं सांगायचं होतं. आणि त्याच्याही खाली, तळाशी, दुसरंच काहीतरी होतं. आपलं हसू वेळेवर यावं. एकदा तरी, इंग्रजीत, कुणाच्या मागून नाही. पण हे कारण कुठल्या रांगेत बसतं? “असंच,” ती म्हणाली. मॅडमचा चेहरा जरा उतरला.

गंमत पुढेच झाली. “आपलं नाव सांगा,” म्हटल्यावर बायडाबाई उभी राहिली, तोंड उघडलं, आणि बाहेर आली चक्क सुजाता मॅडम. तोच नाकातला आवाज, वाक्याआधीचं तेच छोटं खाकरणं, शेवटचं तेच ‘ओके?’ वर्ग आडवा झाला. वाल्मिकने बाक बडवला. मॅडम आधी लाल झाली, मग स्वतःही हसली, आणि मग हळूच म्हणाली, “छान. पण हा माझा आवाज झाला, बायडाबाई. तुमचा कुठंय?” वर्ग हसतच होता. बायडाबाईला मात्र एकदम पोकळ वाटलं, हातातल्या बॉबिनवरचा धागा संपून नुसतं नळकांडं उरावं तसं. तिची गुजराती स्टोअरवाल्याच्या गळ्यातून आलेली, हिंदी पाटण्याच्या टोळीच्या तोंडून, वारली खानवेलच्या बायांकडून. दुसऱ्याचं लुगडं नेसून नेसून तिच्या अंगाचं झालं होतं. इंग्रजीचं अजून कडक होतं, खळ न गेलेलं. इंग्रजीत बायडाबाई कशी बोलेल? कशी उभी राहील? इंग्रजीत तिला ‘वं माय’ म्हणता येईल का? घरी जाताना रिक्षात ती गप्प होती. वाल्मिक म्हणाला, “आक्का, तब्येत बरी ना?” कारण तिला गप्प कुणी बघितलेलंच नव्हतं.

रिक्षातच तिला सुचलं. चावी काही एकट्याने आणवता येत नाही. साखळी लागते. नुसतं तिला इंग्रजी येऊन काय उपयोग? स्टोअरचा प्रसाद काय बोलणार, बॉयलरचे आबा काय बोलणार? ते गडबडले तर पोरगं पहिल्याच दारात ओळखेल. म्हणजे सगळ्यांनाच शिकावं लागणार! तिने वाल्मिकच्या मांडीवर अशी थाप मारली की रिक्षावाल्याने ब्रेक दाबला.

पुढच्या रविवारी स्टोअरचा प्रसाद वर्गात हजर. त्याच्या पुढच्या रविवारी बॉयलरचे आबा आले, निवृत्तीला टेकलेले, शाळेचं तोंड न बघितलेले, डोक्याला तेल लावून. मागून कॅन्टीनवाल्या आल्या, गेटवरचा वॉचमन आला. ज्यांना साखळीत वाक्य नव्हतं तेही आले. बाकीचे हसतील तेव्हा आपण मागे नको राहायला. तीन रांगा मोडून हॉलभर नुसता घोळका झाला. डोळेवाल्यांच्या मांडीवर कानवाले. सुजाता मॅडमला आनंद मावेना, प्रमोदसाहेब कारखान्यात कौतुक सांगत सुटले. “मॅडम,” बायडाबाईने विचारलं, “एखाद्याले सामान आणाले पाठवाचं, तर मानानं कसं म्हणाचं?” मॅडमने विनंतीची वाक्यं शिकवली. “आणि सामान नसंल तर?” प्रसाद म्हणाला. मॅडमने दिलगिरी शिकवली. “आणि सामान व्हतं, पण आत्ताच दुसरीकडं गेलं, असं?” वाल्मिक म्हणाला. मॅडम फळ्याकडे तोंड करून जरा थांबली. पाठ हलल्यासारखी वाटली. मग तिने तेही शिकवलं.

आबांचं वाक्य काही बसेना. ते घोकत, ओठ हलवत, बॉयलरच्या धगीसमोर बसून रोज म्हणत, आणि रविवारी अर्ध्यातच खुदकन हसून टाकत. चावीआधीचा तो शेवटचा रविवार होता. मॅडम त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. “आबा, वाक्य एकदम बरोबर आहे. पण चेहरा गंभीर ठेवा. हसलात तर त्याला कळेल.” बायडाबाईने मॅडमकडे बघितलं. मॅडमने डस्टर उचललं आणि फळा पुसायला लागली, नाकातल्या आवाजात काहीतरी गुणगुणत. ही बाई आपण समजलो त्याहून पोचलेली आहे, बायडाबाईला वाटलं, आणि तिला त्या नाशिकवालीचा एकदम अभिमान वाटला, जसा मुकादमीणबाईचा वाटायचा.

मंगळवारी, सकाळच्या पाळीला, बायडाबाई चेतनसमोर जाऊन उभी राहिली. नेहमीसारखं कुणाच्यातरी गळ्यात शिरावं म्हणून तिने मॅडमचं ते खाकरणं शोधलं, आणि ते सापडलं नाही. सापडला तो तिचा स्वतःचा, साक्रीकडचा, शेताच्या बांधावरून हाक मारायचा आवाज.

“चेतनसर, प्लीज गो टू स्टोअर अँड ब्रिंग द बॉबिन की. व्हेरी अर्जंट, भो.”

गावाकडचं ‘भो’ निसटलंच. चेतनने मान वाकडी करून तिच्याकडे बघितलं. किती वेळ बघितलं कोण जाणे. मग म्हणाला, “ओके, आंटी,” आणि गेला.

काचेतून पटांगण दिसत होतं. ती निळा दिवा सोडून काचेपाशी आली. पांढरा कोट घातलेलं ते पोरगं उन्हातून स्टोअरकडे चाललं होतं, आणि तिला त्याच उन्हात एक नववारीतली बाई रडत चाललेली दिसली. आपल्याला चहा मिळाला, टाळ्या मिळाल्या, म्हणून याला तसंच वाटेल कशावरून? हा शिकलेला. शिकलेल्याला दुसऱ्याचं हसू लागतं वेगळ्या जागी. अपमान वाटला तर? नोकरी गेली तर गेली, दुसरीकडे बॉबिन थोड्या आहेत का सिल्वासात. पण यानंतर तो भिंतीकडे तोंड करून जेवेल ते कायमचाच, आणि या कारखान्यात पुन्हा कुणाला चावी आणायला पाठवायला तिची जीभ उचलणार नाही. स्टोअरच्या दारात प्रसाद हात जोडताना दिसला: “सॉरी सर, बॉयलर टेक इट येस्टरडे.” चेतन बॉयलरकडे वळला. आबा बाहेर आले, ताठ, बोहल्यावर चढल्यासारखे. लांबून आवाज येत नव्हता, पण ओठांवरून तिने शब्द न् शब्द वाचला: “टू हॉट सर. नाऊ इन डिस्पॅच, फॉर कूलिंग.” हसले नाहीत आबा! कारखान्यात आबांसारखा माणूस नाही, तिला ओरडून सांगावंसं वाटलं. डिस्पॅचच्या फाटकात वाल्मिकने चुकचुक केलं आणि पॅकिंगकडे बोट दाखवलं.

आणि चेतन पॅकिंगकडे आलाच नाही. कोपऱ्यावरून ऑफिसच्या बाजूला वळला आणि दिसेनासा झाला.

हॉलच्या दारात एव्हाना सगळी पाळी गोळा झालेली. बायडाबाईच्या हातात चहाचा कप, बाकीच्यांचे टाळ्या वाजवायला मोकळे केलेले हात. प्रसाद धापा टाकत आला, आबा आले, वाल्मिक आला. “साहेबाकडं गेला वाटतं,” कुणीतरी म्हणालं. चहावर साय धरायला लागली. बायडाबाई कप घेऊन उभीच होती. जाऊ दे, तिने मनाशी म्हटलं, मागितली तर माफीही इंग्रजीतच मागू, दिलगिरी शिकलोय.

चेतन आला. ऑफिसच्या बाजूनेच आला, एकटा, सावकाश, चेहऱ्यावर सुरकुती नाही. गर्दी फाकली. तो सरळ बायडाबाईसमोर थांबला, कोटाच्या खिशात हात घातला आणि एक भलीमोठी, गंजलेली चावी काढून तिच्या तळहातावर ठेवली. जुन्या गोडाऊनच्या कुलपाची असावी. तिला पांढऱ्या धाग्याची नीट गाठ मारलेली.

“आंटी,” तो म्हणाला, “धिस इज फॉर मॉर्निंग शिफ्ट. फॉर इव्हिनिंग शिफ्ट, यू हॅव टू गो.”

आणि बायडाबाई हसली. शब्द कानावर पडले ते मराठीतून फिरून आले नाहीत, गुजरातीतून नाही, हिंदीतून नाही. सरळ आले आणि त्यांचं सरळ हसू झालं. चेतनचे ओठ हलायच्या आत ती हसली, कुणीही हसायच्या आत, सगळ्यांत आधी, सगळ्या हॉलमध्ये एकटी. कपातला चहा हिंदकळून मनगटावर आला तरी तिला थांबता येईना. मग चेतन फुटला. भिंतीवर हात आपटून, गुडघ्यात वाकून, स्टोअरच्या मागे हसला होता तसाच. टाळ्या सुरू झाल्या.

“काय म्हणला वो, आक्का?” वाल्मिक तिची बाही ओढत होता. “सांगा ना, काय म्हणला?”

तिने डोळे पुसले. उरलेला चहा चेतनच्या हातात दिला. मग सवडीने म्हणाली, “ही सकाळच्या पाळीची चावी, म्हणे. संध्याकाळच्या पाळीची आणाले तू जा, म्हणे मले.”

वाल्मिक क्षणभर तसाच बघत राहिला. मग हसला, खळखळून. पण उशिरा.

“रविवार बुडवत नको जाऊ, वाल्मिक,” बायडाबाई म्हणाली. तिने टोपी नीट केली, पदर खोचला आणि ती गंजलेली चावी छातीशी पदकासारखी धरली. “वेट हिअर, भो,” चेतनला सांगितलं, आपल्याच आवाजात, आणि संध्याकाळच्या पाळीची चावी आणायला ती ताठ मानेनं पटांगणात उतरली.